याकूतपुऱ्यातली कच्ची बिर्याणी

नांदेडहून हैदराबादला जाण्याला आमच्या घरात कधी कुणी 'प्रवास' म्हटलं नाही. रात्री गाडीत बसायचं, सकाळी काचीगुड्याला उतरायचं. आजोबांच्या पिढीला तर ते परगाव वाटतच नसे. 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत नांदेड हैदराबाद राज्यातच होतं. मोठं कोर्ट, मोठा दवाखाना, उस्मानिया विद्यापीठ, लग्नाचा बस्ता, सोयरिकी, सगळं तिकडेच. पुढे मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला आणि नकाशावरची रेघ सरकली. सोयरिकी मात्र सरकल्या नाहीत. माझी अम्मी अशाच सोयरिकीतून हैदराबादच्या याकूतपुऱ्यातून नांदेडला सून होऊन आली.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडे गेले ती अकरा वर्षांनी. सोबत नववीतली मुलगी होती. तिला जायचं कारण सांगितलं, नानीची बिर्याणी खालाकडून शिकून यायची आहे. ते खरं होतं, पण अर्धंच.

उरलेलं अर्ध सांगायला जड जातं. अकरा वर्षांपूर्वी माझ्या नानीचं घर विकलं गेलं. हिश्शाच्या हिशोबावरून अम्मी आणि तिची थोरली बहीण, म्हणजे माझी खाला, यांच्यात फाटलं. आधी फोन कमी झाले, मग ईदचा सलामही थांबला. तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये, ही नबी (स.) यांची शिकवण आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असते. आमच्या घरात त्या तीन दिवसांची नऊ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी अम्मीचा इंतकाल झाला. कळल्याबरोबर खाला निघाली, पण ती पोचली तेव्हा दफन होऊन गेलं होतं. बहिणीचं शेवटचं तोंडही तिला दिसलं नाही. अंगणात अर्धा तास बसली, पाण्याचा घोटही न घेता उठली आणि रात्रीच्या गाडीने परत गेली. तिला थांब म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही.

गाडीने मुदखेड, उमरी, धर्माबाद मागे टाकलं आणि बासरच्या पुलावर गोदावरी ओलांडली. अंधारात फक्त पुलाचा आवाज बदलला, त्यावरून नदी कळली. पलीकडे स्टेशनांच्या पाट्या तेलुगूत. सकाळी काचीगुड्याचे घुमट दिसले. 1916 साली बांधलेलं हे स्टेशन आजही एखाद्या जुन्या हवेलीसारखं दिसतं. बाहेर रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीस सुरू झाली आणि तो म्हणाला, "नक्को मॅडम, इत्ते में नक्को." मुलगी खुदकन हसली.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे राहवलं नाही. रिक्षातच तिला सांगितलं, हा 'नक्को' आपलाच 'नको' आहे. दखनीत लोक 'यहींच', 'मैंच' म्हणतात, तो शेवटचा 'च'ही मराठीचाच. आसफजाहींची राजधानी आधी औरंगाबादला होती, 1763 मध्ये ती हैदराबादला गेली. पहिल्या निजामांची कबर आजही आपल्या खुलदाबादेत आहे. दरबार हलतो तेव्हा माणसं हलतात आणि माणसांबरोबर बोली हलते. चादरघाटच्या पुलावरून मूसी ओलांडून आम्ही दबीरपुऱ्याकडे वळलो तरी मी बोलतच होते. खरं सांगायचं तर घर जवळ येत होतं आणि मला भीती वाटत होती.

दार खालानेच उघडलं. मान खाली वाकलेली, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. मी सलाम केला. तिने जवाब दिला, माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. म्हणाली, "आओ मा, अंदर आओ. गाड़ी लेट थी क्या?" जणू आम्ही गेल्या महिन्यातच येऊन गेलो होतो.

नाश्त्यानंतर मी बिर्याणीचा विषय काढला. अम्मीची बिर्याणी मला येत नाही, तुम्ही शिकवा. खाला म्हणाली, "तुम्हारी अम्मी कौनसी बनाती थी? कच्ची?" मी म्हटलं, पक्की. ती काही बोलली नाही.

हा फरक बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. पक्कीत मटण आधी मसाल्यात शिजवून घेतात, मग त्यावर भाताचा थर लावून दम देतात. आपल्या मराठवाड्यातल्या घरांत बहुतेक हीच होते. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की निम्मं काम झालं. कच्चीत मटण कच्चंच देगचीत जातं. अर्धवट उकडलेला भात त्यावर पडतो आणि दोन्ही एकाच दमात शिजतात. चुकलं तर झाकण उघडेपर्यंत कळत नाही, आणि कळल्यावर दुरुस्तीला जागा राहत नाही.

सकाळी दहाला आम्ही मीर आलम मंडीत गेलो. निजामांचे दिवाण मीर आलम यांच्या नावाची ही जुनी भाजीमंडी. पुदिना-कोथिंबिरीच्या जुड्या गाडीभर, हिरव्या मिरच्यांचे ढीग, सालासकट कच्ची पपई. खाला स्वतः आली नाही, तिचे गुडघे चालत नाहीत. पण यादी तोंडी सांगून पाठवलं होतं, "पपई सख़्त देखके लो. पीली हुई तो छोड़ देओ." मटण गल्लीतल्या ओळखीच्या दुकानातून आलं. लहान बकऱ्याचं, हाडासकट, मोठे तुकडे, रान आणि दस्तीचे. मोठ्या जनावराचं मटण कच्चीला चालत नाही. भात मोडेपर्यंत ते शिजत नाही.

घरात दहा माणसं होती, म्हणून दोन किलोचा अंदाज होता. वाचकांसाठी मी एका किलोचं माप लिहिते. एक किलो मटण धुऊन पूर्ण निथळून घ्यायचं. पाव किलो घट्ट दही, दोन-दोन मोठे चमचे आलं आणि लसूण वाटून, सालासकट वाटलेली कच्ची पपई दोन मोठे चमचे, लाल तिखट, चिमूटभर हळद, सात-आठ हिरव्या मिरच्या, दोन लिंबांचा रस, शहाजिरं, वेलची, लवंग आणि दालचिनीची पूड, मूठ-मूठभर पुदिना आणि कोथिंबीर. चार मोठे कांदे पातळ चिरून सोनेरी तळायचे. निम्मे हाताने चुरून मसाल्यात, निम्मे वरच्या थराला. कांदा तळलेलं तेलही मसाल्यातच.

इथे खालाने पहिली गोष्ट शिकवली. मीठ घालून दही-मसाला आधी वेगळा कालवायचा आणि चाखायचा. मटण मिसळल्यावर चाखता येत नाही. चव थोडी खारट लागली पाहिजे, कारण मटण आणि भात दोघे त्यातून आपला वाटा घेणार. मग मटण घालून तीन-साडेतीन तास ठेवायचं. पपई आहे म्हणून त्याहून जास्त नको, नाहीतर तुकड्याचा लगदा होतो.

जुहरच्या नमाजनंतर खरी घाई सुरू झाली. एक किलो जुना बासमती अर्धा तास भिजलेला. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, त्यात मीठ, शहाजिरं, वेलची, दालचिनीचा तुकडा. पाणी समुद्रासारखं खारट हवं. खालाची सून रोज हाताखाली असते, पण त्या दिवशी खालाने तिला मिर्ची का सालन आणि दही की चटणीच्या कामाला लावलं आणि मला म्हणाली, "तू चावल पे आ." स्वतः देगचीजवळ स्टूल ओढून बसली.

कच्ची बिर्याणी एकट्याने करायचं काम नाही, हे मला तेव्हा उमगलं. भात दोनदा काढायचा असतो. आधी निम्मा, 'दोन कणी' असताना, म्हणजे दाणा बोटांनी दाबला की आत दोन कडक ठिपके राहतात. तो थेट मटणावर जातो, कारण खालच्या ओलाव्यात तो पुढे शिजणार आहे. उरलेला मिनिटभराने, एक कणीवर, वरच्या थराला. हे सगळं तीन-चार मिनिटांत उरकायचं. भात चाळणीत थांबला की स्वतःच्याच वाफेने शिजत राहतो. म्हणून एकाचं लक्ष दाण्यावर आणि दुसऱ्याचं देगचीवर. देगचीवाला मटण तळाशी सारखं पसरतो, कडा पुसतो, कांदा-पुदिना हाताशी ठेवतो, आणि तयार झाला की भातवाल्याला बोलावतो.

मी दाणा दाबला. दोन कणी होत्या. झारा उचलला आणि सवयीने तोंडातून निघालं, "आऊँ?"

खालाचा हात देगचीतच थांबला.

ही अम्मीची सवय. नांदेडच्या आमच्या स्वयंपाकघरात पक्की करताना भात काढायच्या आधी अम्मी दर वेळी हळूच म्हणायची, "आऊँ?" आणि मग झारा उचलायची. आम्ही पोरं हसायचो. बिस्मिल्लाह म्हणतात तसंच काहीतरी असेल, असं मी धरून चालले होते. तिच्यामागे मी बिर्याणी करायला लागले तशी ती सवय माझ्याही तोंडी बसली. त्याचा अर्थ मी कधी विचारलाच नव्हता.

"आ जा," खाला म्हणाली. मग एकदम घाईने, "आ जा, आ जा, चावल गल रहा."

मी झाऱ्याने भात निथळून मटणावर पसरत गेले. पूर्ण कोरडा निथळायचा नाही, थोडं पाणी राहू द्यायचं. त्याचीच वाफ मटण शिजवते. दुसरा थर पडला. वर दुधात भिजवलेलं केशर, तळलेला कांदा, पुदिना, लिंबाचा रस, साजूक तूप. झाकणाच्या कडेला कणकेची वळी दाबून बसवली. दहा मिनिटं मोठी आच, कणकेच्या फटीतून वाफेची रेघ दिसेपर्यंत. मग खाली जाड तवा आणि आच अगदी मंद. घड्याळात तीनला पाच कमी होते. आता चाळीस-पंचेचाळीस मिनिटं कुणाच्याच हातात काही नव्हतं.

खाला स्टुलावरून उठली नाही. तिने विचारलं, "ये तू किससे सीखी? आऊँ बोलना?"

"अम्मी बोलते थे," मी म्हटलं. "दर वेळी. भात काढायच्या आधी."

"पक्की में भी?"

"हौ."

"किसकू बोलती थी?"

मी म्हटलं, कुणालाच नाही. तिथे दुसरं कुणी नसायचं.

खालाने चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला, परत लावला. मग तिने सांगितलं. लग्नाआधी नानीच्या घरात बिर्याणी या दोघी बहिणी करायच्या. गोश्त खालाचं, चावल अम्मीचा. अम्मीची नजर दाण्यावर अशी बसली होती की नानीही तिलाच विचारायची. लग्नानंतरही अम्मी माहेरी आली की कच्ची व्हायची, आणि खाला नांदेडला आली की आमच्याकडे व्हायची. मला अंधुक आठवलं. लहानपणी आमच्या घरात वेगळीच बिर्याणी होत असे, तिची देगची कणकेने बंद केलेली असायची आणि आम्हाला जवळ फिरकू देत नसत. ती कधी बंद झाली, हे मी कधी मोजलंच नव्हतं. आता मोजलं. खाला यायची थांबली तेव्हाच.

खालाने सांगितलं, अम्मी गेल्यापासून आणि त्याआधीची नऊ वर्षंही, तिने हाताने कच्ची केली नव्हती. ईदला सून करते, ही नुसती बसून सांगते. "दूसरे के चावल पे मेरा दिल नै ठहरता," एवढंच म्हणाली.

सकाळपासून खालाला काहीतरी विचारायचं होतं, हे मला दिसत होतं. अम्मीने शेवटच्या दिवसांत आपलं नाव काढलं का, हेच ते असणार. मीही उत्तराची जुळवाजुळव करत होते. दोन माणसांत समेट व्हावा म्हणून बोललेला गोड शब्द खोटा धरला जात नाही, हे मला माहीत होतं. पण तसं काही रचायची वेळच आली नाही. जे घडलं होतं तेच तिला पुरलं.

मग ती झाकणाकडे वाकली. "मेरेकू अब सुनाई नै देता. तू सुन, अंदर कैसी आवाज़ आ रई?" मी कान जवळ नेला. आधी खदखद होती, ती बारीक होत गेली आणि शेवटी तूप तडतडल्यासारखा आवाज राहिला. खाला म्हणाली, "बस. पानी सूख गया. अब पाँच मिनिट."

गॅस बंद केल्यावरही दहा मिनिटं झाकण उघडलं नाही. मग सुरीने कणीक कापली. वाफ वर आली तशी मागच्या खोलीतली पोरं आपोआप गोळा झाली. बिर्याणी ढवळायची नाही. एका बाजूने पलिता सरळ तळापर्यंत घालायचा आणि पांढरा, केशरी, मसाल्याचा भात आणि मटण असं सगळं एका घासात येईल असं काढायचं. पहिली ताटली शेजारच्या घरी गेली. मग दस्तरखान पसरला. मटण हाडापासून अलगद सुटत होतं, दाणा दाण्याला चिकटत नव्हता. मीठ जरा कमी होतं. खाला म्हणाली, कमीच होतं. दोन घास झाल्यावर म्हणाली, "चावल सही निकली तू."

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलीला चारमिनार दाखवला, मक्का मशिदीच्या अंगणात कबुतरांमध्ये बसलो, लाड बाजारात लाखेच्या बांगड्या घेतल्या. चारमिनार 1591 चा, मक्का मशीद औरंगजेबाच्या काळात 1694 साली पूर्ण झाली, हे सगळं मी तिला सांगितलं. तिने वहीत मात्र बिर्याणीचं माप लिहून घेतलं होतं.

हिश्शाची गोष्ट त्या दोन दिवसांत निघाली नाही. ती निघायला हवी आणि कागदावर नीट मिटायला हवी. वारसाचा हक्क हा अल्लाहने ठरवून दिलेला हक्क आहे, तो गोड बोलून विसरायचा नसतो. निघताना मी खालाला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "हौ, बैठके करेंगे. तुम लोगां आते रहो." हक्काची बोलणी करायची तरी आधी एकमेकांच्या घरात जाऊन बसावं लागतं. माझ्या अम्मीच्या आणि खालाच्या वाट्याला ती बैठक आलीच नाही. आम्हाला ती करायची आहे, इन्शाअल्लाह.

नांदेडला आल्यावर पुढच्या इतवारी मी कच्ची केली. मटणावर मुलीला बसवलं. बिर्याणी फसली. हाडाजवळ मटण लाल राहिलं आणि वरचा भात कोरडा ठणठणीत. मी खालाला फोन लावला. बकरा केवढा होता, आच किती वेळ मोठी होती, एकेक विचारत गेली. शेवटी म्हणाली, "चावल का पानी पूरा निथार दी होगी तू. भाप काँसे आती फिर?" अगदी तसंच झालं होतं.

त्याच्या पुढच्या इतवारी पुन्हा केली. या वेळी फोन ओट्यावर, स्पीकर चालू. मुलगी देगचीशी मटण पसरत होती, पुदिन्याची पानं तिच्या हाताला चिकटत होती. मी दाणा दाबला. दोन कणी.

"आऊँ?"

मुलगी तोंड उघडायच्या आधीच याकूतपुऱ्याहून आवाज आला, "आ जा."